अतिभाराचा अपराध आणि वजनाचे प्रमाण : मोटार वाहन अधिनियमातील कलमे ११३, ११४ व १९४ यांची चिकित्सा

१

फौजदारी कायद्यातील बहुतेक अपराध कृतीने घडतात. काही थोडे अपराध मात्र आकड्याने घडतात. चोरीत किंवा मारहाणीत आरोपीने काय केले हा मुख्य प्रश्न असतो, आणि साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगितली की पुराव्याचा पाया घातला जातो. मालमोटारीतून मर्यादेबाहेर भार नेण्याच्या अपराधाचे स्वरूप निराळे आहे. गाडी चालविणे वैध, माल भरणे वैध, तो रस्त्याने नेणेही वैध. एका विशिष्ट आकड्यापर्यंत ही सारी कृती निर्दोष असते. त्या आकड्यापलीकडे तीच कृती दंडनीय होते. तो आकडा डोळ्यांना दिसत नाही. तो यंत्राने सांगावा लागतो, यंत्राचे म्हणणे कागदावर उतरावे लागते आणि त्या कागदाची सत्यता न्यायालयात सिद्ध व्हावी लागते. अपराध आणि न्यायालय यांच्यामध्ये उभी असलेली ही साखळी हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

उदाहरणासाठी अमरावतीतील राजापेठ घ्यावी. शहरातून बडनेऱ्याकडे आणि तेथून अकोल्याकडे जाणाऱ्या वाहतुकीचा हा जुना नाका. वऱ्हाडातील मालवाहतुकीचे सारे प्रकार येथे पाहावयास मिळतात : कापसाच्या गाठी, सुटा कापूस, सोयाबीन व तूर यांची पोती, वरूड-मोर्शीची संत्री, पूर्णा व वर्धा यांच्या पात्रांतील रेती, खाणीवरची गिट्टी आणि मुरूम. समजा, या ठिकाणी एक गिट्टीची गाडी अडविली गेली, काट्यावर नेली गेली आणि तिच्यात पाच टन भार अधिक निघाला. चालकाच्या हाती वजनाची चिठ्ठी पडली आणि कालांतराने प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आले. त्या चिठ्ठीने नेमके काय सिद्ध होते? याचे सरळ उत्तर ‘फारसे काही नाही’ असे आहे. ते तसे का आहे, आणि तसे नसावे यासाठी कायद्याच्या शब्दांतच कोणती सामग्री उपलब्ध आहे, हे पाहावयाचे आहे.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचण्यांतून असे निष्पन्न झाले की, आसावरील भार वाढला असता रस्त्याची झीज त्याच्या साधारणतः चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. आसावर एक पंचमांश भार अधिक घातला तर झीज एक पंचमांशाने वाढत नाही. ती दुपटीहून किंचित अधिक होते. अकोला-अमरावती दरम्यानच्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची विश्वविक्रम म्हणून नोंद झाली. इतक्या त्वरेने घातलेला थर किती वर्षे टिकेल, हे त्यावरून जाणाऱ्या आसांच्या भारावर अवलंबून आहे. दुसऱ्या बाजूला चालक उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार, मालगाडीत अतिभार नेणाऱ्या चालकाची अनुज्ञप्ती किमान तीन महिन्यांसाठी निलंबित होण्यास पात्र आहे. रोजीरोटी ज्या कागदावर चालते तो कागद तीन महिने हिरावला जाणे ही किरकोळ शिक्षा नव्हे. सबब ढिसाळ पुराव्याने अपराधी सुटणे जसे अनिष्ट, तसेच ढिसाळ पुराव्याने निरपराध माणूस अडकणेही अनिष्ट होय.

२

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम ११३ (३) (ख) चा निषेध असा : नोंदणी-प्रमाणपत्रात नमूद केलेल्या एकूण वाहन-वजनाहून ज्याचे भारित वजन अधिक आहे असे वाहन कोणीही सार्वजनिक ठिकाणी चालवू नये, चालविण्यास लावू नये किंवा चालविण्यास मुभा देऊ नये. यातून फिर्यादी पक्षाने सिद्ध करावयाची चार प्रमेये निघतात. वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविले जात होते. त्याच्या नोंदणी-प्रमाणपत्रात अमुक वजन लिहिलेले होते. त्याचे प्रत्यक्ष भारित वजन त्याहून अधिक होते. आणि आरोपीने ते चालविले, चालविण्यास लावले अथवा मुभा दिली.

दुसऱ्या प्रमेयाकडे सहसा दुर्लक्ष होते. कायद्याने तुलनेचे माप म्हणून नोंदणी-प्रमाणपत्र निवडले आहे. शासनाने वेळोवेळी काढलेली अधिसूचना नव्हे. जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने आसांची कमाल मर्यादा वाढविली. चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली आणि दोन आसांच्या मालमोटारीचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. यामुळे रस्त्यावर एकाच आकाराच्या, पण निरनिराळे आकडे नोंदलेल्या गाड्या एकाच वेळी धावू लागल्या. ‘दोन आसांची गाडी, म्हणून मर्यादा इतकी’ असे साक्षीत सांगणे यापुढे पुरेसे नाही. त्या विशिष्ट गाडीच्या प्रमाणपत्राचा प्रमाणित उताराच दाखल व्हावयास हवा. दोन वजनांच्या वजाबाकीवर अपराध उभा असता त्यांतील एक आकडा अंदाजाने घेतला, तर वजाबाकीही अंदाजाचीच ठरते.

शिक्षेच्या कलमाने या वजाबाकीला दुहेरी महत्त्व दिले आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे किमान २,००० रुपये दंड व अधिक भाराच्या प्रत्येक टनामागे १,००० रुपये अशी योजना होती. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ते आकडे २०,००० व २,००० असे झाले. पाच टनांच्या अतिभाराला पूर्वी किमान ७,००० रुपये पडत. आता ३०,००० पडतात. येथे वजन हा अपराधाचा घटक तर आहेच, शिवाय ते शिक्षेचे मापही आहे. तेव्हा ‘मर्यादेपेक्षा अधिक भार होता’ एवढा निष्कर्ष काढून न्यायालयास थांबता येत नाही; ‘किती अधिक’ यावरही स्वतंत्र निष्कर्ष हवा, आणि त्यालाही पुरावा हवा.

या रचनेत दोन उणिवा आहेत. पहिली उणीव उंबरठ्याची. मर्यादेत असलेल्या गाडीला दंड शून्य आणि मर्यादेहून दहा किलो अधिक असलेल्या गाडीला एकदम २०,००० रुपये. इंग्लंडच्या १९८८ च्या रस्ता वाहतूक अधिनियमाने या उंबरठ्यावर अधिनियमातच दोन बचाव ठेवले आहेत : गाडी जवळच्या काट्याकडे वजनासाठी चाललेली असणे, किंवा माल भरून संपला त्या वेळी ती मर्यादेत असून पुढे कोणी भर न घालता वाढ पाच टक्क्यांच्या आत असणे. पावसाने भिजलेल्या रेतीचे वजन वाटेत वाढते हे ज्याला ठाऊक आहे त्याला या दुसऱ्या बचावाचे मर्म सहज कळेल. आपल्या कलम ११३ व १९४ मध्ये असा बचाव नाही. दुसरी उणीव अपूर्णांकाची. ‘दर टनामागे’ या शब्दांचा अर्थ १.४ टन अतिभारास कसा लावावयाचा? २,००० रुपये, २,८०० रुपये की दोन टन धरून ४,०००? दंडविधायक शब्दाचा संशय आरोपीच्या पक्षी जावा, हा अर्थविवरणाचा जुना नियम लावला तर पूर्ण भरलेला टनच मोजावा लागेल. पण विधिमंडळाने एका वाक्यात मिटवावयाचा प्रश्न व्याख्येच्या नियमांवर सोडून देणे हे मसुद्याचे भूषण नव्हे.

३

कलम ११४ हे सामान्यतः प्रशासकीय अधिकाराचे कलम म्हणून वाचले जाते. अतिभाराचा संशय घेण्यास कारण असल्यास अधिकृत अधिकाऱ्याने चालकास गाडी वजनकाट्यावर नेण्यास सांगावे. भार अधिक निघाल्यास लेखी आदेशाने तो उतरविण्यास लावावे. तो उतरेपर्यंत गाडी हलवू देऊ नये. आणि अतिभाराचा तपशील परवान्यावर नोंदवून परवाना देणाऱ्या प्राधिकरणास कळवावे. एवढा त्याचा आशय. परंतु हे कलम पुराव्याच्या दृष्टीने वाचले असता त्याला निराळीच प्रतिष्ठा प्राप्त होते. वजनाचा पुरावा कसा निर्माण व्हावा याची पायरीवार पद्धती त्यात सांगितलेली आहे.

पहिली पायरी अधिकाराची. हा अधिकार राज्य शासनाने त्यासाठी अधिकृत केलेल्या व्यक्तीचा आहे. केवळ गणवेशाने तो प्राप्त होत नाही. म्हणून पोलीस ठाण्याच्या कर्मचाऱ्याने गाडी अडवून काट्यावर नेली असेल, तर त्याच्या प्राधिकाराचा आदेश अभिलेखात आहे काय, हा बचाव पक्षाचा पहिला व रास्त प्रश्न होय.

दुसरी पायरी अंतराची. काटा ‘पुढील मार्गावरील कोणत्याही बिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत’ अथवा ‘गंतव्य स्थानापासून वीस किलोमीटरच्या आत’ असावा, असे कलम म्हणते. ही मर्यादा वाटते तितकी आखूड नाही. राजापेठेस अडविलेली गाडी अकोल्यास निघाली असेल, तर सुमारे शंभर किलोमीटरचा सारा मार्ग आणि त्याच्या दुतर्फा दहा-दहा किलोमीटरचा पट्टा या शब्दांत बसतो. निर्बंध आहे तो गाडी उलट दिशेने दूर फिरविण्यावर. हा निर्बंध मोडला तर काय, याविषयी दोन परंपरा सांगता येतात. कायद्याने एखादी गोष्ट विशिष्ट रीतीने करावयास सांगितली असेल तर ती त्याच रीतीने करावी, अन्यथा मुळीच करू नये, हे सूत्र प्रिव्ही कौन्सिलने १९३६ च्या नाझीर अहमद प्रकरणात प्रतिष्ठित केले. उलटपक्षी, पुरावा मिळविण्याची रीत सदोष असली तरी संबद्ध पुरावा तेवढ्यानेच त्याज्य होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या पूरणमल प्रकरणात ठरविले. या दोहोंचा मेळ घालावयाचा तर असे म्हणता येईल : अंतराचा नियम मोडल्याने काट्यावरचा आकडा खोटा ठरत नाही, म्हणून वजनाचा पुरावा ग्राह्य राहतो, पण चालकाने चुकीच्या दिशेने गाडी नेण्यास नकार दिला असेल, तर त्या नकाराबद्दल कलम १९४ (२) खालील ४,००० नव्हे तर ४०,००० रुपयांचा दंड त्याच्यावर बसविता येऊ नये. जो आदेशच कायद्याबाहेरचा, त्याची अवज्ञा हा अपराध कसा होईल?

तिसरी पायरी भार उतरविण्याची, आणि पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची तीच आहे. परमजित भसीन विरुद्ध भारत संघ या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, तडजोडीची रक्कम भरली म्हणून अधिक भार तसाच पुढे नेण्याची मुभा मिळत नाही. भार उतरविलाच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने हाच दंडक कलम १९४ मध्ये परंतुकाच्या रूपाने लिहिला. या निवाड्याचा विचार रस्त्याच्या सुरक्षिततेच्या अंगाने पुष्कळ होतो. त्याचे पुराव्यातील फलित मात्र दुर्लक्षित राहते. भार उतरविल्यानंतर गाडीचे पुन्हा वजन केले आणि उतरविलेला माल वेगळा तोलला, तर तीन स्वतंत्र आकडे हाती येतात. पहिल्या व दुसऱ्या वजनातील फरक तिसऱ्याशी जुळला, तर काट्याच्या बिघाडाचा, चिठ्ठीच्या अदलाबदलीचा आणि आकडा चुकीचा लिहिल्याचा, असे तिन्ही आक्षेप एकदमच गळून पडतात. उलट भार न उतरविता गाडी सोडून दिली, तर कायद्याचा भंग होतो आणि पडताळ्याची एकमेव संधीही जाते. येथे सुरक्षेचे कर्तव्य आणि पुराव्याची गरज ही एकाच कृतीने पुरी होतात. जो अधिकारी पहिले टाळतो तो आपला खटला स्वतःच्या हाताने दुबळा करतो.

४

आता काट्याकडे वळावे. वजनावरील अविश्वास आणि त्यावर कायद्याचा उतारा या दोन्ही गोष्टी वऱ्हाडास नव्या नाहीत. कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ मध्ये नियंत्रणाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. देशातील नियंत्रित बाजारपेठांचा आरंभ या भूमीतून झाला, आणि शेतकऱ्याला खऱ्या वजनाची खात्री मिळावी हा त्यामागील एक मुख्य हेतू होता. त्याहून मागे गेल्यास कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मापांवर देखरेख करणारा पौतवाध्यक्ष आढळतो, आणि दर चार महिन्यांनी मापे तपासून मुद्रित करण्याचा दंडकही आढळतो. तात्पर्य, माप वापरणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये, मापावर राजमुद्रा असावी, हा विचार जुना आहे. २००९ च्या वैध मापनशास्त्र अधिनियमात तोच विचार आधुनिक रूपाने आला. त्याखालील २०११ च्या नियमांनुसार वजनकाट्याची फेरपडताळणी दर बारा महिन्यांनी व्हावयास हवी.

या मुद्रेचे पुराव्यात स्थान काय? इंग्लंडमधील निकोलस विरुद्ध पेनी या १९५० च्या प्रकरणात पोलिसाच्या गाडीतील वेगमापकाचे वाचन, त्या मापकाची चाचणी सिद्ध न करताही, प्रथमदर्शनी पुरावा म्हणून स्वीकारले गेले. यंत्र सामान्यतः नीट चालते, असे अनुमान त्यामागे होते. हे अनुमान वजनकाट्यास जसेच्या तसे लावू नये. ज्या यंत्राची वार्षिक पडताळणी कायद्यानेच सक्तीची केली आहे, तेथे अनुमानाची गरजच उरत नाही; पडताळणीचे प्रमाणपत्र दाखविणे हा सोपा मार्ग उपलब्ध असतो. सोपा व उत्तम पुरावा हाती असता तो दाखविला नाही, तर न्यायालयाने अनुमान करावयाचेच झाल्यास ते उलट दिशेने करावयास हवे.

बचाव पक्षाकडूनही येथे अतिशयोक्ती होते. ‘काटा थोडाफार चुकतोच’ या मोघम विधानाला शास्त्राचा आधार किती, ते पाहावे. सामान्य व्यापारी वर्गाच्या काट्याचा पडताळणी-अंतर दहा किलोचा असेल आणि गाडीचे वजन २८,००० किलो असेल, तर ते वजन २,८०० अंतरांइतके होते. या टप्प्यात पडताळणीच्या वेळची कमाल अनुज्ञेय चूक दीड अंतर, म्हणजे १५ किलो, आणि वापरात असताना त्याच्या दुप्पट, म्हणजे ३० किलो होय. पाच टनांच्या अतिभारापुढे ३० किलोंची चूक नगण्य आहे. उलट, ज्या गाडीचा अतिभार ४० किलो दाखविला आहे, तिच्या बाबतीत हीच चूक निर्णायक ठरू शकते. म्हणून यंत्राच्या चुकीचा बचाव सरसकट मान्य वा सरसकट अमान्य करणे दोन्ही गैर. त्याचे वजन अतिभाराच्या आकड्याशी ताडून ठरवावे. गाडी काट्याच्या फलाटाहून लांब असल्यामुळे तिची पुढची व मागची बाजू वेगवेगळी तोलून बेरीज केली असेल, तर मात्र ही सुरक्षित मर्यादा लागू पडत नाही. फलाटालगतच्या जमिनीचा उतार, ब्रेकची स्थिती, मालाचे सरकणे यांमुळे प्रत्येक वाचनात निराळी चूक शिरते. अशा वेळी तोलण्याची रीत साक्षीत सांगितली गेलीच पाहिजे.

यंत्र विश्वसनीय ठरले तरी त्याचा आकडा न्यायालयात आणावयाचा प्रश्न उरतोच. आजचे बहुतेक काटे संगणकाला जोडलेले असतात आणि छापील चिठ्ठी हा संगणकाचा निर्गम असतो. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खाली अशा निर्गमास प्रमाणपत्राची आवश्यकता होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने ती कायम ठेवून प्रमाणपत्राचा दोन भागांचा नमुनाच अनुसूचीत दिला आहे. या प्रमाणपत्राची अपरिहार्यता सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ज्या प्रकरणात निःसंदिग्धपणे ठरविली, ते अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल हे प्रकरण वऱ्हाडाच्या शेजारच्या जालना मतदारसंघातील निवडणुकीतून उद्भवले होते. तेथे प्रश्न उमेदवारी अर्जाच्या वेळेच्या चित्रफितींचा होता. नियम मात्र धर्मकाट्याच्या चिठ्ठीसही तितकाच लागू आहे.

परंतु या नियमाचा अर्थ, प्रमाणपत्राविना वजन सिद्धच होऊ शकत नाही, असा नव्हे. प्रमाणपत्र लागते ते छापील निर्गमाला. अधिकाऱ्याने काट्याच्या दर्शकावरील आकडा स्वतः पाहिला, त्याच क्षणी पंचनाम्यात लिहिला आणि न्यायालयात शपथेवर सांगितला, तर ती प्रत्यक्ष मौखिक साक्ष होय. ती चिठ्ठीच्या ग्राह्यतेवर अवलंबून नाही. व्यवहारात घडते ते याच्या उलट. अधिकारी काट्याच्या खोलीबाहेर उभा राहतो, काट्यावरचा कामगार चिठ्ठी आणून देतो, अधिकारी चिठ्ठीतील आकडा आपल्या अहवालात उतरवितो आणि न्यायालयात चिठ्ठी व अहवाल असे दोन कागद येतात. दोन कागद दिसत असले तरी पुरावा एकच, आणि तोही ऐकीव. ज्याने आकडा पाहिला तो कामगार साक्षीस येत नाही. जो साक्षीस येतो त्याने आकडा पाहिलेला नसतो.

५

काट्याचा आधार नसेल तेथे वजन अन्य मार्गाने सिद्ध करता येईल काय? मालाचा प्रकार पाहिल्याविना याचे उत्तर देता येत नाही. दाबलेल्या कापूस-गाठीचे प्रमाणभूत वजन १७० किलो धरले जाते. शंभर गाठी म्हणजे सुमारे १७ टन. बिल्टीवर व ई-वे बिलावर गाठींची संख्या असते. येथे कागदावरून वजनाकडे जाण्याचा रस्ता बराचसा पक्का आहे. सुट्या कापसाची गाडी मात्र डोळ्यांना अवाढव्य दिसते, कडेने फुगलेली असते, आणि तरीही वजनाने मर्यादेत असू शकते. तिचा दोष असलाच तर तो बाहेर आलेल्या मालाचा, म्हणजे कलम १९४ (१क) चा असतो. उलट रेतीने भरलेली गाडी फळीच्या खाली भरलेली, म्हणजे डोळ्यांना अर्धी रिकामी दिसत असतानाच वजनाची मर्यादा ओलांडून जाते. डोळा आकारमान पाहतो आणि कायदा वजन विचारतो. अधिकाऱ्याचा संशय डोळ्यावर आधारला तर चालेल, कारण कलम ११४ ला संशयाचे कारण पुरते. दोषसिद्धी डोळ्यावर आधारून चालणार नाही.

रेतीच्या बाबतीत एक विशेष गुंतागुंत आहे. महसूल खाते रेती ब्रासने मोजते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खालील गौण खनिजाच्या कारवाईत ‘चार ब्रास रेती’ असा पंचनामा पुरेसा होतो. तोच पंचनामा अतिभाराच्या खटल्यात वजनाचा पुरावा म्हणून पुढे आणणे तर्काला धरून होणार नाही. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, अथवा २.८३ घनमीटर. कोरड्या, सैल रेतीची घनता प्रतिघनमीटर १.५ टन धरली तर चार ब्रासचे वजन सुमारे १७ टन भरते. ओल्या, दबलेल्या रेतीची घनता १.८ टन धरली तर तेच सुमारे २०.४ टन होते. दोन आकड्यांत ३.४ टनांचा फरक पडतो. या फरकात दंडाची रक्कम तर बदलतेच, प्रसंगी अपराध आहे की नाही हेही बदलते. ब्रासचा टन करताना कोणती घनता धरली व ती कोणी मोजली, हे सिद्ध झाल्याविना असे रूपांतर म्हणजे गणिताच्या वेषातील अंदाज होय.

६

वजन सिद्ध झाले, तरी आरोपी कोण हा प्रश्न राहतो. आणि कायद्याच्या रचनेतील सर्वांत गंभीर विसंगती येथेच आढळते. कलम ११३ (४) असे सांगते की, चालक हा मालक नसेल तर अपराध मालकाच्या माहितीने किंवा आज्ञेने घडला असे न्यायालय गृहीत धरू शकेल. परंतु हे गृहीतक पोटकलम (२) आणि पोटकलम (३) चा खंड (क) यांच्या भंगापुरतेच दिलेले आहे. खंड (क) रिकाम्या वजनाचा आहे. भारित वजनाचा खंड (ख) त्यात नाही. म्हणजे गाडीचा सांगाडा बेकायदा जड केला असेल तर मालकाविरुद्ध गृहीतक. गाडीत पाच टन गिट्टी अधिक भरली असेल तर गृहीतक नाही.

या भेदाचे समर्थन करावयाचे झाल्यास असे म्हणता येईल की, सांगाड्यातील बदल मालकाशिवाय होऊ शकत नाही, भर मात्र चालक वाटेत आपल्या लोभाने घालू शकतो. एके काळी या तर्कात तथ्य असेलही. आजच्या वाहतुकीत खेपेचा दर, मालाचा भरणा आणि पोहोचविण्याचे ठिकाण मालक व माल पाठविणारा ठरवितात. खाणीवर यंत्राने गाडी भरली जात असता चालकाला फावड्याइतकाही अधिकार नसतो. तरीही ‘चालविणे’ या शब्दाखाली चालकाचा दोष निरपेक्ष राहतो आणि ‘मुभा देणे’ या शब्दाखाली मालकाच्या ज्ञानाचा पुरावा लागतो. इंग्लंडमध्ये जेम्स अँड सन विरुद्ध स्मी या १९५५ च्या प्रकरणात ‘वापरणे’ आणि ‘परवानगी देणे’ यांत नेमका हाच भेद केला गेला. आणि ज्ञानाचे ओझे मालकावर ढकलण्याचा मार्गही मोकळा नाही : विशेष माहितीतील गोष्टी सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर टाकणारे कलम फिर्यादी पक्षाला मूळ भारातून मुक्त करीत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्येच शंभुनाथ मेहरा प्रकरणात सांगून ठेवले आहे.

तरीसुद्धा पुरावा अशक्य नाही. बिल्टी, ई-वे बिल, वाहतूक पास, भरणा करतानाची खाणीवरील वजनचिठ्ठी आणि माल उतरविल्यावर देयकात मोजलेले परिमाण हे सारे कागद मालकाच्या व माल पाठविणाऱ्याच्या घरी असतात. एकाच गाडीच्या लागोपाठच्या खेपांत नोंदणीकृत मर्यादेहून अधिक मालाचे देयक वसूल झाले असेल, तर मालकाला माहीत नव्हते हे म्हणणे टिकणार नाही. ताकाला जाऊन भांडे लपविण्याचा हा प्रकार कागदांनीच उघडा पडतो. फक्त ते मागवावे लागतात. अपराध केवळ दंडास पात्र असल्यामुळे दखल घेण्याची मुदत सहा महिन्यांची आहे, ही गोष्ट तपासी अधिकाऱ्याने विसरता कामा नये.

७

एवढी सारी पुराव्याची मीमांसा असूनही न्यायालयात तिची कसोटी क्वचित लागते, याचे कारण कायद्याच्या रचनेतच आहे. कलम २०० खाली अपराधाची तडजोड होते आणि प्रकरण न्यायालयाच्या दारापर्यंत येत नाही. आलेच, तर कलम २०८ खालील समन्सावर आरोपीस पत्राने अपराध कबूल करून रक्कम पाठविता येते. तारखांना येण्याजाण्यात बुडणारी मजुरी दंडाहून महाग पडते असे चालकाला वाटते आणि तो कबुली देतो. ही कबुली वजनाची नसते. ती थकव्याची असते. समन्स-खटल्याच्या कार्यपद्धतीत न्यायदंडाधिकाऱ्याने कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवावयाची असते, आणि त्यावरून दोषी ठरविणे हे त्यांच्या विवेकाधीन असते. या विवेकाचा उपयोग करून न्यायालयाने निदान तीन कागद पाहावेत : नोंदणीचा उतारा, काट्याच्या पडताळणीचे प्रमाणपत्र आणि भार उतरविल्यानंतरचे दुसरे वजन. कबुली असली तरी दंडाची रक्कम टनावर ठरते, आणि टन कबुलीने मोजले जात नाहीत.

यापुढचा टप्पा धावत्या गाडीचे वजन करणाऱ्या यंत्रांचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये घातलेल्या नियम १६७-अ ने अशा यंत्रांना इलेक्ट्रॉनिक अंमलबजावणीच्या साधनांत स्थान दिले, त्यांच्यासाठी दरवर्षी नवी करावयाची मान्यता सांगितली आणि अपराधाची सूचना पंधरा दिवसांत देण्याचे बंधन घातले. यंत्राने माणसाचा हात दूर होईल, लाचेला वाव कमी होईल, हे खरे. पण यंत्र गाडी थांबवीत नाही आणि भारही उतरवीत नाही. पंधरा दिवसांनी सूचना मिळेपर्यंत तो माल उतरून त्याची भिंत उभी राहिलेली असेल. कलम ११४ ने दिलेली दुसऱ्या वजनाची संधी अशा वेळी कायमची गेलेली असते. म्हणून धावत्या वजनाचे स्थान संशयाच्या पायरीवर असावे, दोषसिद्धीच्या पायरीवर नसावे : यंत्राने संशय दाखवावा, स्थिर काट्याने तो सिद्ध करावा.

सारांश, अतिभाराचा अपराध सिद्ध करण्यास नवा कायदा हवा असे म्हणण्यापूर्वी असलेला कायदा पुराव्याच्या दृष्टीने वाचावयास हवा. कलम ११४ चे पालन हाच फिर्यादी पक्षाचा सर्वोत्तम पुरावा आहे. विधिमंडळाने करावयाच्या दुरुस्त्या थोड्या आणि नेमक्या आहेत : कलम ११३ (४) मधील गृहीतक खंड (ख) ला लागू करणे, ‘दर टनामागे’ याचा अर्थ स्पष्ट करणे आणि उंबरठ्यावरील अल्प वाढीस अधिनियमातच बचाव देणे. दंड दसपटीने वाढला. पुराव्याची शिस्त त्या प्रमाणात वाढली नाही. जड दंड आणि हलका पुरावा हे समीकरण जोवर कायम आहे, तोवर खाणीवरून निघालेला अधिक भार रस्त्यावरून उतरणार नाही. तो चालकाच्या खांद्यावर तेवढा जाऊन बसेल.